‘सहयोगी’ नव्हे, ‘फितूर’

प्रश्न असा आहे : हानी अबू-असद यांच्या ‘ओमर’ (२०१३) या पॅलेस्टिनी चित्रपटाचा परिचय मराठीत लिहिताना ‘कोलॅबरेटर’साठी, म्हणजे शत्रूला सामील झालेल्या आपल्यातल्याच माणसासाठी, ‘सहयोगी’ लिहिलं, पण ते खटकतंय. मग काय लिहावं? गद्दार, हेर की खबऱ्या?

खटकतंय ते योग्यच. सहयोगी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सहयोगी प्राध्यापक येतो. या शब्दात शत्रू कुठेच नाही. माझं मत ‘फितूर’ला, आणि त्याचं कारण चित्रपटातच आहे.

ओमर बेकरीत काम करणारा तरुण. दोराला लोंबकळत, इस्रायलने वेस्ट बँकेत उभारलेली विभाजक भिंत चढून तो नादियाला भेटायला जातो. नादियाचा भाऊ तारेक, अमजद आणि ओमर हे लहानपणापासूनचे दोस्त. तिघांच्या हातून एक इस्रायली सैनिक मारला जातो आणि ओमर पकडला जातो. तुरुंगात एक कैदी त्याच्याशी आपुलकीने बोलतो. ओमर त्याला एवढंच सांगतो, की मी कधीच कबुली देणार नाही. हे वाक्यच कबुली ठरतं, कारण तो कैदी असतो रामी नावाचा इस्रायली अधिकारी. पुढे सौदा : बाहेर जा आणि तारेकला आणून दे.

आता ‘फितणे’ आणि ‘फितवणे’ ही जोडी पाहा. किल्लेदार फितला म्हटलं की त्याला कुणीतरी फितवलं हे आलंच. कधी वतनाची लालूच, कधी धाक. कोर्टाच्या बातमीत ‘साक्षीदार फितूर झाला’ वाचतानाही त्याच्यावर कुणाचा दाब आला असेल, हा प्रश्न मनात येतोच. ‘गद्दार’ थेट निकाल देतो. ‘खबऱ्या’ नुसतं काम सांगतो. ‘फितूर’ मात्र फितवणाऱ्यालाही सुटू देत नाही, आणि ‘ओमर’मध्ये फितवणारा रामी जवळजवळ नायकाइतकाच महत्त्वाचा आहे. मूळ अरबी ‘फुतूर’चा अर्थ ढिलेपणा, मंदावणं. निष्ठेची गाठ सैल होणं, हा अर्थ मराठीने त्यातून किती नेमका घडवला!

अरबीत अशा माणसाला ‘अमील’ म्हणतात. धातू ‘अमल’, म्हणजे काम करणे. आपले अंमल, अंमलदार, मामला, मामलेदार याच घराण्यातले. आजच्या अरबीत बँकेचा ग्राहकही ‘अमील’च. म्हणजे पॅलेस्टिनी वस्तीत ज्या शब्दाने माणूस आयुष्यातून उठतो, त्याचे भाऊबंद आपल्याकडे तहसील कचेरीत बसले आहेत. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. ‘गद्दार’ही अरबीच, आणि जुन्या मराठीतला ‘जासूद’ हा ‘जासूस’चाच मराठी अवतार.

एक शब्द मात्र भाषांतर न करता तसाच ठेवा : ‘असफूर’, अनेकवचनी ‘असाफीर’. अर्थ चिमणी किंवा लहान पक्षी. कैद्याचं सोंग घेऊन बराकीत बसवलेल्या खबऱ्याला पॅलेस्टिनी कैदी असफूर म्हणतात. त्याचं ‘पाखरू’ केलंत तर मराठी वाचक भलतीकडेच जाईल.

तिघा दोस्तांतला जो खरा दगा देतो, त्याच्यासाठी आपल्याकडे ‘अस्तनीतला निखारा’ आहे. नाव इथे सांगत नाही, चित्रपट पाहायचा असलेल्यांचा रस जाईल. ‘घरभेद्या’ही चालेल, पण अस्तनी अंगाला लागून असते, आणि ही मैत्री तशीच आहे.

तेव्हा या परिचयात मी असं लिहीन : ‘ओमर इतक्या लवकर सुटून आला, म्हणजे तो फितला असणार, असा संशय वस्तीत पसरतो आणि नादियापर्यंत पोचतो.’ सुटून येणं आणि फितणं यांतलं अंतर लोकांच्या लेखी किती कमी आहे, ते या वाक्यात आपसूक येतं. ‘सहयोगी’ घालून तेच वाक्य एकदा मोठ्याने वाचून पाहा.