पत्र्याचे खुराडे आणि दुपारचे ऊन

प्रश्न (वर्धा जिल्ह्यातील एका शेतकरी ताईंचा): घरामागे २२ गावरान कोंबड्या आहेत. खुराड्याला तीन बाजूंनी विटांच्या भिंती, दार आणि जाळी पश्चिमेला, वर टिनाचा पत्रा. मे लागल्यापासून कोंबड्या दुपारी चोच उघडी ठेवून धापा टाकतात. अंडी कमी झाली, कवच पातळ येते. गेल्या आठवड्यात ३ कोंबड्या मेल्या. पत्र्यावर हिरवी नेट अंथरली, पण फरक पडला नाही. काय करावे?

उत्तर: ताई, नेट आणलीत हे चांगले केलेत, पण ती पत्र्याला टेकून अंथरली म्हणून उपयोग झाला नाही. अशी नेट स्वतः तापते आणि खालच्या पत्र्यालाही तापवते. दुपारी ३ वाजता पत्र्याखाली, कोंबडीच्या डोक्यापेक्षा थोडा वर तळहात धरून बघा. जी धग हाताला लागेल तीच त्या जिवाला तासन्‌तास लागते. बल्ल्या रोवून नेट पत्र्यापासून निदान दीड फूट वर ताणा, म्हणजे मधून वारा वाहील. पत्र्यावर चुन्याचे दोन हात द्या. त्यावर तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) किंवा तणसाचा (भाताच्या पेंढ्याचा) अर्धा फूट थर टाकून दोरीने घट्ट आवळा, नाहीतर वावधानात सगळे उडून जाईल. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) मात्र नकोत. त्यांच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या कपाशीवर येते. चूल जवळ असेल तर ठिणगीची काळजी घ्या. पावसाळ्याआधी हा थर काढून टाका.

खरी अडचण मात्र पश्चिमेला आहे. चार वाजताचे तिरपे ऊन तुमच्या जाळीतून थेट आत शिरते आणि बाकी तिन्ही बाजू बंद असल्याने तापलेली हवा आतच कोंडते. डोक्यावर कितीही सावली केली तरी हे ऊन अडत नाही. पश्चिमेला पत्र्याच्या पुढे तीन-चार फूट मांडव काढा आणि त्याला बारदानाचा पडदा सोडा. समोरच्या पूर्वेच्या भिंतीतल्या गुडघ्याच्या वरच्या विटा काढून तिथे बारीक, मजबूत जाळी बसवा, मुंगूस शिरणार नाही अशी. दुपारी १२ ते ४ बारदान ओले ठेवा, पण पूर्वेची बाजू मोकळी झाल्यावरच. कोंबडीला घाम येत नाही. धाप टाकताना श्वासावाटे जी वाफ जाते, मुख्यतः तिच्यामुळेच कोंबडीचे अंग थंड होते. कोंदट जागेत ओलावा वाढवला तर ती वाफ जात नाही आणि त्रास उलट वाढतो.

पातळ कवचाचे मूळही धापेतच आहे. फार धाप लागली की रक्तातले संतुलन बिघडते, कवचाला कॅल्शियम पुरत नाही. त्यात ती खातेही कमी. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, हवा तेवढा ती खाईल. दाणा पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या, कारण पचनातही अंग तापते. पाणी मातीच्या पसरट भांड्यांत, सावलीत, दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि दुपारी दोनदा बदला. एकच भांडे असले की दांडग्या कोंबड्या इतरांना जवळ येऊ देत नाहीत. गरम पाण्याला कोंबडी तोंड लावत नाही.

एखादी पंख पसरून, मान टाकून पडली तर सावलीत न्या, तिचे पाय साध्या गार पाण्यात बुडवा, तुऱ्यावर ओला हात फिरवा. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाते.

मेलेल्या तीनही कोंबड्या दुपारच्या वेळी गेल्या का, हे आठवून बघा. रात्री किंवा सकाळी मेल्या असतील, विष्ठा हिरवट-पांढरी पातळ असेल किंवा मान वाकडी होत असेल, तर तो उन्हाचा त्रास नसून राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग असू शकतो. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यात आजच जा. यापुढे एखादी कोंबडी मेली तर ती उकिरड्यावर न टाकता खोल पुरा.

पाऊस पडला की पश्चिमेला शेवग्याची चार-पाच फूट लांब फांदी लावा. लवकर वाढतो, पण कोवळा असेपर्यंत कुंपण करा, कोंबड्या बुंध्याजवळची माती उकरतात.