सोडलं तर चुकेल ना, मॅडम?

“मुलगी तासन्‌तास वाचते. सन, आकडे, नावं, काहीही विचारा, धडाधड सांगते. पण ‘उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना लिहा आणि तिला आधार देणारे मुद्दे द्या’ असा प्रश्न आला की अर्धा उताराच उतरवून ठेवते. तिला वाचलेलं कळत नाही का हो?”

ही काळजी माझ्याकडे सारखी येते. कुणी मुलाला एकाग्रता नाही म्हणतं, कुणी बुद्धीवरच घसरतं. ज्या चौदा वर्षांच्या मुलीबद्दल इथे लिहितेय, तिच्या आईचे शब्द वर दिलेत. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

अशा वेळी आधी एक गोष्ट तपासून घेते. एक उतारा मुलाला स्वतःला वाचायला देते आणि तेवढाच अवघड दुसरा उतारा मी मोठ्याने वाचून दाखवते. ऐकलेलं नीट समजतंय पण वाचलेलं समजत नाही, वाचताना ओळी सुटतात, अक्षरं अडतात, असं दिसलं तर वाट वेगळी. मग वाचनक्षमतेची रीतसर तपासणी करून घ्यायला सांगते. या मुलीचं तसं नव्हतं. वाचन सुरेख होतं आणि ऐकलेलंही तिला लख्ख कळत होतं.

मग तिला माझ्याकडचा एक पानी उतारा दिला. 1854 साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली, त्याची ही हकिकत. साथ दूषित हवेतून पसरते, असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो या डॉक्टरने मात्र ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यावर बोट ठेवलं. पहिल्या दहा दिवसांत पाचशेच्या आसपास माणसं गेली. पंपाजवळच्या गरीबगृहात 535 गरीब लोक राहत होते, पण तिथे फक्त 5 जण दगावले. त्यांची विहीर स्वतःची होती. दूर हॅम्पस्टेडला राहणाऱ्या एका विधवेला याच पंपाचं पाणी आवडायचं, म्हणून ती ते रोज गाडीतून मागवायची. ती कॉलऱ्याने गेली. 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. आणि मधेच एक वाक्य: याच स्नोने आदल्या वर्षी राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिलं होतं.

मुलीने पिवळा हायलायटर काढला. पाच मिनिटांनी पान माझ्यासमोर आलं तेव्हा त्यावर दोनच ओळी पांढऱ्या उरल्या होत्या. (हायलायटरवर मुलांचा फार विश्वास असतो. अभ्यासाच्या दहा पद्धतींचा एक मोठा संशोधन-आढावा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अधोरेखनाची उपयुक्तता कमी ठरली होती. पान रंगवलं म्हणजे अभ्यास झाला, असं वाटतं खरं.)

“हे कशाबद्दल आहे?”

“कॉलऱ्याबद्दल.”

“कॉलऱ्याबद्दल काय?”

त्यावर तिने पहिल्या वाक्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली. मी थांबवलं. यातलं निम्मं गाळून सांगता येईल का, असं विचारल्यावर ती गोंधळली आणि म्हणाली, “पण सोडलं तर चुकेल ना, मॅडम?”

गाठ इथेच होती. समज कमी नव्हती, गाळायची भीती होती. कुठून आली तेही पुढच्या भेटीत वडिलांशी बोलताना कळलं. ते रोज संध्याकाळी तिचं वाचन तपासायचे, मोठ्या मायेने. “आज काय वाचलंस? सगळं सांग.” काही राहिलं की, “आणि ते अमुक कुठे गेलं?” वर्षानुवर्षं तिला सगळं धरून ठेवल्याबद्दल शाबासकी मिळत होती. मध्यवर्ती कल्पनेचा प्रश्न नेमकं त्याच्या उलट मागतो.

मी कागदावर अर्धं वाक्य लिहिलं: “लेखकाला पटवायचंय की…” पुढचं तिने भरायचं. विषय एका शब्दात सांगता येतो, मध्यवर्ती कल्पनेला मात्र पूर्ण वाक्य लागतं, ज्यावर कुणी “कशावरून?” म्हणू शकेल असं. तिने लिहिलं, “कॉलरा हा भयंकर रोग आहे.” ठीक. मग याला आधार देणारी वाक्यं शोध म्हटलं. मृतांचा आकडा सापडला. बाकी उतारा रिकामा बसला. गरीबगृहाची विहीर कशाला सांगितली मग? दुसरा प्रयत्न: “जॉन स्नो हुशार डॉक्टर होता.” आता राणी व्हिक्टोरिया कामाला लागली, पण ती विधवा आणि तिची गाडी अधांतरी राहिली. तिसऱ्यांदा तिने बराच वेळ पेन्सिल चावली आणि लिहिलं, “कॉलरा हवेतून नाही, पाण्यातून पसरतो, हे स्नोने दाखवलं.” आता जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाला काम मिळालं. एकट्या राणीला नाही.

ते वाक्य खोडायला ती तयार होईना. “पण तेच तर सगळ्यात भारी आहे!” भारी आहेच. माहितीपर लेखनात अशी चमचमीत वाक्यं असतातच. त्यांनी वाचक खिळून राहतो, पण मुद्द्याला त्यांचा टेकू नसतो. परीक्षेतली बरीच उत्तरं मला तरी इथेच फसलेली दिसतात.

यानंतरचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो, कारण बहुतेक ठिकाणी तो शिकवलाच जात नाही. आधार सापडला, पण तो किती वजनाचा? सगळ्यात भक्कम पुरावा कोणता, असं विचारल्यावर तिने क्षणात पंपाचा दांडा दाखवला. दांडा काढला, साथ गेली. मी म्हटलं, पुढची ओळ वाच. तिथे लिहिलं होतं की लोक घरं सोडून पळाले होते आणि दांडा काढण्याआधीच रोगी कमी व्हायला लागले होते. स्नोने स्वतःही हे मान्य केलं होतं. तिचा चेहरा पडला. ही ओळ तिने पिवळी केली होती, पण तिच्याकडे बघितलं नव्हतं.

मग एकेक वाक्य बोटाने झाकून बघ, म्हटलं. झाकल्यावर मुद्दा लंगडा झाला तर तो पुरावा. काहीच फरक पडला नाही तर ती नुसती माहिती. विधवेच्या वाक्यावर बोट ठेवून ती थांबली. “मॅडम, ती तिथे राहतच नव्हती. तिथली हवा तिच्यापर्यंत गेली नाही. पाणी गेलं.” आणि लगेच, मी न विचारता, “गरीबगृहात उलटं आहे. हवा तीच, पाणी वेगळं!”

हे तिचं तिने काढलं. अशा मुलीला वाचलेलं कळत नाही असं कोण म्हणेल?

वडिलांना मी एवढंच सुचवलं की “सगळं सांग” महिनाभर बंद ठेवा. त्याऐवजी विचारा, “लेखकाचं म्हणणं काय? आणि कशावरून?” त्यांना ते जड गेलं. तपशील विसरली तर, ही त्यांची शंका होती. माझा अनुभव असा की विधानाला बांधलेला तपशील सुट्या तपशिलापेक्षा जास्त टिकतो. त्या मुलीला हॅम्पस्टेडची विधवा अजून आठवते.

सगळे उतारे असे सरळ नसतात, हेही तिला सांगावं लागलं. कित्येकदा लेखक आधी दुसऱ्यांचं मत मांडतो आणि स्वतःचं म्हणणं “पण”, “मात्र”, “तरीही” यांच्या मागे ठेवतो. पहिलं वाक्य उचलून मध्यवर्ती कल्पना म्हणून लिहिणारी मुलं तिथे हमखास आपटतात. काही लेखांत तर ती कुठल्याच एका वाक्यात नसते, सगळ्या परिच्छेदांवरून आपणच जुळवायची असते. त्यात ती अजून चाचपडते.

सध्या आईची तक्रार वेगळी आहे. उत्तरं फार आखूड येतात, एका ओळीत संपवते म्हणे. गाळायला शिकली ती जरा जास्तच. म्हणून आता ठरवलंय की म्हणणं एका वाक्यात, आणि त्याखाली निदान दोन “कशावरून”, त्यातला जास्त वजनाचा आधी.