बॅरल कोण घासतं?

प्रश्न : आमचं महिला मंडळ बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावात आहे. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूसाठी शाळेच्या मुलांची फेरी काढली, पाचशे पत्रकं वाटली. तरी तापाचे रुग्ण निघालेच. यंदा मोहीम कशी आखावी? आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं.

उत्तर : ताई, आखणी तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करा. पत्रकात ‘पाणी साठवू नका’ असं असेल, तर ते निरुपयोगी आहे. साठवलं नाही तर सात दिवस काढायचे कसे? अशक्य ते सांगितलं की शक्य असलेलंही कुणी ऐकत नाही.

एकच काम निवडा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला अंडी चिकटवते. खसखशीसारखी बारीक, काळी अंडी. कोरड्यातही ती कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतलं तर अंडी तिथंच राहतात, पाणी भरलं की अळ्या निघतात आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून सांगायचं ते एवढंच : नळ यायच्या दिवशी, भरण्याआधी, बॅरल आतून काथ्यानं घासा. उरलेलं पाणी टाकायला जीव होत नाही, ते दुहेरी फडक्यातून हंड्यात गाळून घ्या. भरल्यावर तोंडाला सुती कापड ताणून दोरीनं बांधा. सैल राहिलं तर कडेनं डास शिरतो. हलवता न येणाऱ्या हौदासाठी आरोग्य केंद्रात गप्पी मासे मागा.

छापण्याआधी दहा-बारा घरी जाऊन बॅरल कोण घासतं ते बघा. दोनशे लिटरच्या बॅरलच्या तळाला बाईचा हात पोचत नाही. ते आडवं करावं लागतं आणि त्याला दुसरं माणूस लागतं. म्हणजे निम्मा संदेश घरातल्या पुरुषासाठी हवा, आणि तो शाळेच्या फेरीत भेटत नाही. सकाळी दूध डेअरीवर भेटतो.

मजकूर सहा-सात जणींना वाचून दाखवा आणि ‘आता तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणा. कुणी ‘म्हणजे पाणी ओतून टाकायचं’ म्हणाली, तर मजकूर बदला. ‘डासअळी’ शब्दापेक्षा ‘पाण्यात वळवळणारे किडे’ लवकर कळतं. त्याहून चांगलं म्हणजे काचेच्या बरणीत चार किडे घालून तोंडाला कापड घट्ट बांधा आणि बरणी किराणा दुकानात ठेवा. काही दिवसांत आत डास दिसतो. मग समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न : निपाणी भागातल्या आमच्या पंचायतीनं अशा मोहिमेला पैसे दिलेत. उपयोग झाला हे दाखवायचं कसं? रुग्ण कमी झाले की पुरे ना?

उत्तर : नाही. एका गावात रुग्ण मोजकेच असतात, एखाद-दुसऱ्याच्या फरकानं आकडा हलतो. शिवाय जागरूकता वाढली की तपासण्या वाढतात आणि रुग्ण उलट जास्त दिसतात. तुमच्याकडचा माणूस कोल्हापूरला जाऊन तपासून येतो, त्याची नोंद गावात उशिरा पोचते किंवा पोचतच नाही. पत्रकं किती वाटली हा आकडा तर फक्त खर्चाचा हिशेब आहे.

भांडी मोजा. तीनशे घरांचं गाव असेल तर दर सहावं घर धरा, पन्नास घरं होतील. बंद असेल तर शेजारचं घ्या; ओळखीचीच घरं निवडलीत तर सगळं वाया. प्रत्येक भांड्यात टॉर्च टाका. सावली पडताच अळ्या बुडी मारतात, म्हणून मिनिटभर थांबा. शंका आली तर पळीनं पाणी पांढऱ्या ताटलीत घ्या. समजा पन्नासपैकी 16 घरांत अळ्या सापडल्या, तर शंभर घरांमागे 32, हा गृह निर्देशांक. अळ्यांची भांडी 23 असतील, तर शंभर घरांमागे 46, हा ब्रेटू निर्देशांक. बॅरल, गुरांची डोण, टायर, फ्रिजमागचा ट्रे वेगवेगळे लिहा. जोर कुठं लावायचा ते त्यावरून कळतं.

सर्वांत मोठी चूक पुढची आहे. मेमध्ये मोजायचं, सप्टेंबरात मोजायचं आणि फरक मोहिमेच्या खात्यावर मांडायचा. मधे पाऊस झालेला असतो! म्हणून मोहीम नसलेलं, पण पाण्याची पाळी तशीच असलेलं दुसरं गाव त्याच आठवड्यात मोजा. त्याचा आठवडी बाजार वेगळा असलेला बरा, नाहीतर संदेश तिकडं पोचतोच. तुमचं गाव 32 वरून 12 वर आलं आणि ते 30 वरून 24 वर, तर मोहिमेचं श्रेय वीस नव्हे, चौदा अंकांचं. आणि तिथं अळ्या सापडलेल्या घरी तिथल्या तिथं सांगून या. मोजणीसाठी लपवणं बरोबर नाही.

‘डेंग्यू कशानं होतो?’ हे विचारूच नका, सगळे ‘डासानं’ म्हणतात. ‘बॅरल शेवटचं कधी घासलंत?’ विचारा आणि आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर उत्तर मिळालं.

प्रश्न : फलक मराठीत हवा की कानडीत?

उत्तर : घरात जी बोलतात ती. गल्लीत दोन्ही असतील तर दोन्ही, पण एकाचं दुसऱ्यात भाषांतर करू नका. कानडी मजकूर कानडी घरातल्या बाईकडूनच बोलून घ्या. आशाताईंची नोंदवही कानडीत असते, म्हणून तुमच्या मोजणीच्या तक्त्यावर भांड्यांची चित्रं काढा. मग कुणीही भरू शकतं.