पिशवीवर ‘करपा प्रतिकारक’, खाचरात करपा

प्रश्न : पवन मावळात आमचं दीड एकर भात आहे. पिशवीवर ‘करपा प्रतिकारक’ छापलेली जात आणली. पहिली दोन वर्षं पीक हिरवंगार. यंदा पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके आले, मग माना काळ्या पडून लोंब्या मोडल्या, निम्मं पळंज. बांधापलीकडे भावकीची दुसरी जात आहे, तिच्यावर जेमतेम चार ठिपके. दुकानदार म्हणतो, ‘बुरशीने जात बदलली.’ बुरशीलाही जात असते, की बियाण्यात भेसळ होती? पुढच्या वर्षी काय पेरू?
– एक वाचक, मावळ

उत्तर : दुकानदाराचं बोलणं तुम्हाला पळवाट वाटलं असेल, पण या वेळी तो बहुधा बरोबर आहे. भेसळ असती तर झाडांची उंची आणि लोंब्या बाहेर पडायची वेळ पुढेमागे झाली असती. तसं तुम्ही काही लिहिलेलं नाही.

करप्याची बुरशी सगळीकडे एकसारखी नसते. माझी नोकरीतली उमेदीची वर्षं तिच्या ‘रेस’, म्हणजे कुठल्या भाताला करपवते यावरून पडणाऱ्या पोटजाती, ओळखण्यात गेली. काम अवघड नाही, कंटाळवाणं आहे. ठरलेल्या आठ भातांची रोपं वाढवायची : रमिनाड, झेनिथ, आपलं पुशाचं एनपी-125, उसेन, दुलर, कांटो-51, शा-त्याओ-त्साओ आणि कॅलोरो. त्यांच्यावर एका ठिपक्यातून वाढवलेली बुरशी फवारायची आणि आठवड्याभराने कोण करपलं, कोण वाचलं ते लिहायचं. आठ भातं, प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणजे 256 रेस संभवतात. एकाच शेतातल्या दोन पानांवर दोन रेस निघाल्या की नवे विद्यार्थी गोंधळायचे. मला त्यात कधी नवल वाटलं नाही.

आता हे होतं कसं? बुरशी पानात शिरताना काही प्रथिनं सोडते. त्यातलं एखादं ओळखणारं जनुक भातात असेल, तर लागण झालेल्या पेशी स्वतःच मरतात आणि बुरशी तिथेच अडकते. ‘पाय-टा’ हे असंच एक जनुक. ते ज्या प्रथिनाला ओळखतं, त्याचं बुरशीतलं जनुक गुणसूत्राच्या अगदी टोकाशी बसलंय, आणि टोकाशी मोडतोड फार. कधी तो तुकडाच गळतो, कधी जागा बदलणारा दुसरा जनुकखंड मधेच घुसतो, तर कधी एखादंच अक्षर बदलतं. बुरशीचं त्यावाचून अडत नाही, भाताला मात्र ती ओळखू येत नाही. एका ठिपक्यातून एका रात्रीत हजारो बीजाणू सुटतात. त्यातला असा एखादा तुमच्या खाचरात पडला आणि तिथे दरवर्षी तीच जात उभी असली, की पुढचं वेगळं सांगायला नको. भावकीच्या जातीत वेगळं जनुक असणार, म्हणून ती वाचली.

हे देशाच्या पातळीवरही घडलंय. दक्षिण कोरियाने 1972पासून तोंगिल या जास्त उत्पन्न देणाऱ्या गटातल्या भाताचा धडाका लावला, 1977मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला आणि 1978 साली करप्याने त्याच जाती झोडपल्या.

पुढच्या वर्षासाठी चीनच्या युनान प्रांतातला प्रयोग पाहा. तिथला चिकट तांदूळ महाग विकतो, पण करप्याला लगेच बळी पडतो. 1998-99मध्ये शेतकऱ्यांनी संकरित भाताच्या काही ओळींमागे चिकट भाताची एक ओळ लावली. नुसत्या चिकट भाताच्या शेताशी तुलना करता त्याच्यावरचा करपा 94 टक्क्यांनी कमी झाला. एका जातीवरचे बीजाणू दुसरीवर पडून वाया गेले, शिवाय उंच चिकट भाताला वारं मोकळं मिळालं. मावळात ओळीआड ओळ कापणं कुणाला परवडणार? पण शेजारीपाजारी मिळून दोन-तीन वेगळ्या जाती वाटून घेता येतील. एकट्याने दीड एकरात केलं तर फारसा उपयोग नाही, बीजाणू वाऱ्यावर येतात. युरिया एकदम टाकू नका, हप्त्यांनी द्या. पिशवीवरच्या ‘प्रतिकारक’ या शब्दावर मी एकटी तरी फार विसंबत नाही. ती जात कुठल्या केंद्रांवर तपासली ते विचारा.

आणि पहिला ठिपका दिसला की ती पानं कागदी पाकिटात घालून, जात आणि तारीख लिहून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात दाखवा. प्लास्टिकच्या पिशवीत नकोत, पोहोचेपर्यंत कुजतात.