फॅन पाम दोन वर्षांत जेमतेम वाढलाय आणि पानांच्या कडा जळतात. कुंडी बदलू का, खत वाढवू का?

तुम्ही लिहिलंय की लिकुआला ग्रँडिस आणून दोन वर्षं झाली, तेवढ्यात पाचच नवी पानं आली आणि कडा तपकिरी पडतात. सध्या कुंडीही बदलू नका आणि खतही वाढवू नका. दोन वर्षांत पाच पानं ही या झाडाची नेहमीचीच चाल आहे. कडा जळण्याचं कारण वेगळं आहे, त्याकडे येतो.

हा पाम मूळचा प्रशांत महासागरातल्या व्हानुआटू बेटांकडचा. तिथल्या जंगलात तो मोठ्या झाडांच्या सावलीत, गाळून आलेल्या उजेडात आणि दमट हवेत वाढतो. पान गोल, चुण्यांचं, बहुतेक वेळा अखंड आणि मोठ्या झाडावर दोन-अडीच फूट रुंद. एवढ्या कमी उजेडात असं एक पान घडवायला वेळ लागणारच. त्यात पामला वाढीचं टोक एकच, शेंड्याचं. शिवाय त्याचं खोड इतर झाडांसारखं वर्षागणिक जाड होत जात नाही, म्हणून तो आधी बुंधा पुरेसा रुंद करून घेतो आणि मगच उंची धरतो. त्या काळात वरवर बघणाऱ्याला काहीच घडत नाही असं वाटतं. पूर्ण वाढलेलं झाडसुद्धा साधारण १० फुटांचं.

याचा अर्थ असा की आलेलं प्रत्येक पान झाडावर वर्षानुवर्षं राहणार, आणि त्याला झालेली इजाही तितकीच वर्षं दिसत राहणार. म्हणून मी हे झाड वाढवण्यापेक्षा त्याची पानं जपतो. मीही एकदा घाई केली होती. रासायनिक खताची मात्रा दुप्पट केली. नवं पान काही लवकर आलं नाही, पण महिन्याभरात होत्या त्या सगळ्या पानांच्या कडा करपल्या. ती करपलेली पानं जाऊन नवी यायला तीन वर्षं लागली. तुमच्या हातून तसं होऊ नये म्हणून एवढं लिहितोय.

कडा जळण्याची कारणं सहसा चार: दुपारचं थेट ऊन, कोरडा वारा, मुळं कोरडी पडणं आणि मातीत साठलेले क्षार. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरा थर दिसतोय का बघा. दिसत असेल तर खत दोन-तीन महिने बंद ठेवा आणि भरपूर पाणी हळूहळू ओतून खालच्या भोकातून वाहू द्या. असं दोन-तीन वेळा करा. जमलं तर पावसाचं पाणी द्या. जळालेला भाग कापायचाच असेल तर तपकिरी कडेची बारीक रेघ ठेवून कापा. कात्री हिरव्यात गेली की कड पुन्हा सुकते.

जागा अशी हवी की सकाळचं कोवळं ऊन किंवा दिवसभर उजळ सावली मिळेल. भिंतीचा आडोसा फार उपयोगी, कारण वाऱ्याने हे अखंड पान चिरतं आणि चिरलेलं पान पुन्हा सांधत नाही. तापमान १० अंशांच्या खाली जात असेल तर कुंडी आत घ्या.

माती ओलसर हवी, पण चिखल नको. कोकोपीट, जाडसर वाळू आणि कुजलेलं शेणखत एवढं पुरतं. निचरा नसेल तर मुळं गुदमरतात आणि नवी पानं फिकट यायला लागतात. लोक ते पाहून आणखी खत घालतात, तिथेच झाड हातचं जातं.

खालचं जुनं पान पिवळं पडलं की लगेच कापू नका. पोटॅश कमी पडला की पाम तो जुन्या पानातून काढून नव्या पानाला देतो. तुम्ही ते पान कापलंत तर तो त्याच्या वरच्या पानातून काढायला लागतो. पूर्ण वाळल्यावरच काढा, आणि हातमोजे घाला, देठाच्या खालच्या भागाला काटे असतात.

कुंडी बदलायची वेळ मुळं खालून बाहेर डोकावायला लागल्यावरच. तेव्हाही मातीचा गोळा फोडायचा नाही, आणि बुंधा आधीपेक्षा खोल गाडायचा नाही.

आता मधल्या मिटलेल्या पानाकडे बघा, घडी केलेल्या पंख्यासारखं उभं असेल ते. त्यावर आणि शेजारच्या देठावर मार्करने एकाच उंचीवर बारीक रेघ मारा. उबदार दिवसांत दोन-तीन आठवड्यांनी बघा. रेघ वर सरकलेली दिसली तर झाड वाढतंय. ऐन उन्हाळ्यातही दोन-तीन महिने हललीच नाही, तर ते पान अगदी हलक्या हाताने ओढून बघा. बुडाशी सडलेलं, वास मारणारं असं ते सहज हातात आलं, तर शेंडा कुजतोय. तसं असेल तर वरून पाणी घालणं थांबवा आणि फोटो टाका, मी बघतो.