छताला ओल आली तर आधी कोणाला बोलवायचं: प्लंबर, गवंडी की वॉटरप्रूफिंगवाला?

कोल्हापुरात राजारामपुरीत दुमजली घर, खालच्या हॉलच्या छताला ओल. प्लंबर म्हणतो वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग गेलंय, वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो पाइप गळतोय. योग्य माणूस कसा ओळखायचा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सरळ आहे. जो दुरुस्तीचं काम घेणार, त्याच्याकडून निदान करून घेऊ नका. निदानाचे पैसे वेगळे द्या, आणि टेस्ट न करता जो दर सांगतो त्याला दारातूनच परत पाठवा.

हे इतक्या तिडकीनं लिहितोय कारण कळंब्याच्या बाजूला आमच्या मेहुण्यांच्या घरी हेच झालं. हॉलच्या पंख्याच्या हुकापाशी थेंब पडायचे. वरचं बाथरूम तिथून आठ-दहा फूट लांब, त्यामुळे सगळ्यांनी ठरवून टाकलं की बाथरूमचा काही संबंध नाही. ठेकेदारानं गच्चीला केमिकलचे दोन हात मारले. थेंब चालूच. मग तोच ठेकेदार म्हणाला, आता अख्खं बाथरूम फोडू. मेहुण्यांचंही तेच, "फोडल्याशिवाय कळत नाही." कळतं. तीन टेस्ट ओळीनं घेतल्या तर टाइल न हलवता कळतं.

ओल दिसते तिथंच वर गळती असते, हा समज आधी सोडा. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. पाणी तिथं साठतं, स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपात शिरतं आणि त्या पाइपातून पंख्याच्या बॉक्सपर्यंत येतं. तुमच्याकडे पंख्यातून किंवा लाइटच्या पॉइंटमधून पाणी येत असेल तर आजच त्या लाइनचा एमसीबी पाडा, मग पुढचं वाचा.

पहिली टेस्ट पाण्याच्या लाइनची. टाकी नळापेक्षा तीन-चार मीटर उंच असेल तर लाइनीत प्रेशर जेमतेम ०.३ ते ०.४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) असतं. एवढ्यावर बारीक चीर पाझरते, पण आवाज करत नाही. त्यात पाइप प्लॅस्टिकचा असेल तर ऐकण्याच्या मशीनला फारसं काही मिळत नाही. म्हणून हाताचा प्रेशर पंप लागतो. टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गिझर काढून गरम आणि गार लाइन लूपनं जोडायची, नळ-शॉवर काढून प्लग लावायचे, हवा पूर्ण काढायची आणि सीपीव्हीसीला (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिक पाइप) पाच-सहा किलो देऊन तासभर काटा बघायचा. सुरुवातीला काटा थोडा उतरतो, ती उरलेली हवा असते. पुन्हा भरून बघा. दुसऱ्यांदाही उतरत राहिला तर गळती या लाइनीतच आहे.

दुसरी टेस्ट सांडपाण्याच्या पाइपची. नहाणी ट्रॅपमधून (फरशीतल्या जाळीखालचं पाणी जायचं भांडं) निघणारा पाइप बाहेर डक्टमध्ये जिथं उभ्या पाइपाला मिळतो, तिथं फुगा-प्लग (पाइपात घालून हवेनं फुगवायचं रबरी बूच) लावून बंद करायचा आणि ट्रॅपच्या जाळीच्या जरा खालपर्यंत पाणी भरायचं. पातळी उतरली तर ट्रॅप किंवा त्याचा जॉइंट गेलाय.

तिसरी फरशीची. ट्रॅपचं तोंड वरून बंद करून फरशीवर इंचभर पाणी चोवीस तास उभं ठेवायचं, भिंतीवर पेन्सिलनं खूण करायची आणि दार लावून घ्यायचं. एक-दोन मिलिमीटर वाफेत जातात, त्याहून जास्त उतरलं तर पाणी फरशीत मुरतंय. पाण्यात खाण्याचा रंग टाकतात, टाका. पण खाली रंग आला नाही म्हणून फरशी सुटली असं धरू नका. विटांच्या भरावातून रंग यायला दिवस लागतात, कधी येतच नाही.

मेहुण्यांकडे पहिल्या दोन टेस्टमध्ये काटा आणि पातळी दोन्ही जागच्या जागी राहिले, तिसऱ्या टेस्टमध्ये पाणी उतरलं. दोष ट्रॅपची कड आणि टाइल यांच्यामधल्या सांध्यात निघाला. तिथं साधं सिमेंट भरलेलं असतं, ते आकसतं, आणि अंघोळीचं पाणी जाळीत जाण्याआधी कडेनं खाली उतरतं. ट्रॅपभोवती फूटभर चौकोन फोडायचा, न आकसणारं ग्राउट भरायचं, वॉटरप्रूफिंगचं कोटिंग ट्रॅपच्या तोंडात आतपर्यंत वळवायचं, वर टाइल बसवून सांधे इपॉक्सीनं भरायचे. एवढ्यानं भागलं. अख्खं बाथरूम फोडलं असतं तर नव्या टाइलमध्ये ट्रॅपची कड पुन्हा तशीच सिमेंटनं भरली गेली असती. एक लक्षात घ्या, दुरुस्तीनंतरही भरावात साठलेलं पाणी काही आठवडे ठिबकत राहतं. लगेच "काम फसलं" म्हणून दुसऱ्याला बोलावू नका.

आता माणूस कसा शोधायचा. फोनवर तीनच गोष्टी विचारा: प्रेशर पंप आणि फुगा-प्लग आहे का, टेस्टचा वेगळा दर काय, आणि काय आढळलं ते लिहून देणार का. "आधी बघायला येतो, मग सांगतो" म्हणणारा चालेल, "केमिकल मारू" म्हणणारा नको. हार्डवेअर दुकानदाराच्या शिफारशीवर माझा भरवसा नाही; त्याचं गिऱ्हाईक तो ठेकेदार असतो, तुम्ही नाही. थर्मल कॅमेरा आणून रंगीत फोटो दाखवणारेही भेटतील. तो कॅमेरा तापमानातला फरक दाखवतो, पाणी नाही. जागा हेरायला उपयोगी, पुरावा म्हणून नाही.

कोणाला बोलवण्याआधी वेळेची नोंद ठेवा. ओल फक्त जून ते सप्टेंबर वाढत असेल तर गच्ची किंवा पश्चिमेची भिंत बघा, आपल्याकडे पावसाचा मारा त्याच बाजूनं असतो. पाऊस नसलेल्या महिन्यांतही थेंब असतील तर पाऊस बाजूला ठेवा. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत क्षार फुलून रंग पडत असेल तर ती जोत्यातून चढणारी ओल. त्याला प्लंबर काही करू शकत नाही.

ड्रेनेज तुंबत असेल तर घरातलं शेवटचं चेंबर आणि रस्त्यावरचं चेंबर दोन्ही उघडून बघा. आपलं भरलेलं आणि रस्त्याचं रिकामं असेल तर दोष आपल्या लाइनीत, दोन्ही भरलेली असतील तर महापालिकेकडे तक्रार. चार इंची पाइपाला तीन मीटरला पाच ते साडेसात सेंटिमीटर उतार लागतो, तो नसेल तर कितीही वेळा रॉड मारा, पुन्हा तुंबणारच. गच्चीचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरला जोडलं असेल तर ते आधी तोडा. आणि जयंती नाल्याच्या किंवा पंचगंगेच्या बाजूला सखल भागात राहत असाल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा) बसवाच. २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला की पाणी चेंबरमधून उलटं घरात येतं.

एक-दोन गोष्टी राहिल्या. जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) लाइनीला पाच-सहा किलो देऊ नका. गंजलेला पाइप टेस्टमध्येच फुटेल, तिथं दोन किलोच्या वर जाऊ नका. आणि अपार्टमेंट असेल तर टेस्टच्या वेळी वरच्या आणि खालच्या दोन्ही घरातलं माणूस हजर ठेवून कागदावर दोघांच्या सह्या घ्या. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे फ्लॅटमधल्या बाथरूम-संडासची गळती साधारणपणे त्या सभासदाकडे येते आणि गच्चीची, बाहेरच्या पाइपांची सोसायटीकडे. टेस्टचा कागद नसेल तर खर्च कोणी द्यायचा यावरच पावसाळा निघून जातो.