वाचकांचे प्रश्न : काचेच्या भट्टीचा कार्बन आणि आपल्याकडची फुटकी काच

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की काचेचा कारखाना इंधनाचा धूर तर सोडतोच, पण दगडात कोंडलेला कार्बनही सोडतो. त्यावर बरीच पत्रं आली. बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर नोकरी करून मी आता वणी तालुक्यात वावर पाहतो, म्हणून आपल्या भागातल्या पत्रांना आधी उत्तरं देतो आहे.

प्रश्न : कोळसा, तेल, गॅस सगळं बंद केलं तरी काचेच्या भट्टीतून कार्बन डायऑक्साइड निघतच राहील, असं तुम्ही लिहिलंत. मुलं विचारतात, जाळायला काही नाही तर हा वायू येतो कुठून? वर्गात कसं समजावू?
— विज्ञान शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, ता. वणी

ताई, मुलांना राजूरला चुन्याच्या भट्टीवर घेऊन जा. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली की हाती चुना येतो ५६ किलो. बाकीचे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून गेले. खाली जो कोळसा जळला त्याचा वायू वेगळा, हा निव्वळ दगडातला.

काचेच्या भट्टीत हेच होतं. बाटलीची काच म्हणजे मुख्यतः वाळू, साधारण ७० ते ७४ टक्के. पण नुसती वाळू वितळवायची तर १७०० अंशांपर्यंत जावं लागतं. सोडा ॲश, म्हणजे सोडियम कार्बोनेट, घातली की ती कमी तापमानाला वितळते. मात्र वाळू आणि सोड्याचीच काच केली तर ती पाण्यात विरघळते, म्हणून टिकाऊपणासाठी चुनखडी आणि तिच्यासारखाच डोलोमाइट दगड घालतात. सोडा ॲश, चुनखडी आणि डोलोमाइट हे तिन्ही कार्बोनेट आहेत. १०० किलो सोडा ॲशमधूनही ४१ किलोंच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो.

या मिश्रणाला आम्ही बॅच म्हणायचो. भट्टीच्या भिंतीत पाहायला छोटं छिद्र असतं, डोळ्यांपुढे कोबाल्टची निळी काच धरूनच त्यातून पाहायचं. आत वितळलेल्या काचेवर बॅचचे ढीग तरंगत असतात आणि त्यांच्या कडांना आधण आल्यासारखे बुडबुडे फुटत असतात. तो दगडातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. नव्या कच्च्या मालापासून एक टन काच करायची तर सुमारे १.२ टन बॅच लागते. वरचे २०० किलो असे बुडबुड्यांवाटे जातात. इंधनाचा कार्बन याहून जास्त असतो, पण इंधन बदलता येतं. हा वायू मालातच आहे, इंधन बदलून तो थांबत नाही.

वर्गात करायचं असेल तर चुनखडीचा खडा कुटून बाटलीत घाला, वर व्हिनेगर ओता आणि निघणारा वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडा. निवळी दुधाळ होईल. फळ्यावरचा खडू मात्र घेऊ नका. हल्ली तो बहुधा जिप्समचा असतो, त्यातून काही निघणार नाही.

मुलं हुशार असतील तर पुढचा प्रश्न येईल, चुनखडीऐवजी भाजलेला चुनाच बॅचमध्ये घातला तर? काचेच्या कारखान्याचा हिशेब कमी दिसेल, पण तेवढाच वायू राजूरला सुटलेला असेल. खरा उपाय म्हणजे ज्यातला कार्बन एकदा निघून गेला आहे असा माल वापरणं. लोखंडाच्या भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, काही ठिकाणी वापरतात. पण सगळ्यात चांगला असा माल म्हणजे जुनी काच. ती पुन्हा वितळवली तर तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघत नाही, कारण पहिल्या खेपेलाच तो गेलेला असतो.

प्रश्न : आमच्याकडे दरवर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, वावरातच पेटवून देतात. तिच्या दाबून कांड्या (ब्रिकेट) करून काचेच्या कारखान्याला विकता येतील का?
— कापूस उत्पादक, ता. मारेगाव

भाऊ, थेट विकता येणार नाहीत. काचेच्या भट्टीत ज्योत काचेच्या अगदी वरून फिरते. पऱ्हाटीच्या राखेत पोटॅश, चुना आणि इतर क्षार असतात. ती राख काचेत पडली तर रंग बिघडतो, आणि भट्टीच्या विटांना चिकटली तर विटा खाऊन टाकते. शिवाय आत १५०० अंशांच्या वर उष्णता लागते, तीही रात्रंदिवस एकसारखी. काड्यांच्या जाळावर ते साधत नाही.

वायू करून वापरायचा तर गोष्ट वेगळी. फ्रान्समध्ये आनिश गावी सेंट-गोबेन या काच कंपनीच्या कारखान्यात मे २०२२ मध्ये बायोगॅस आणि कार्बनविरहित वीज वापरून, पूर्णपणे जुन्या काचेपासून सपाट काच काढून दाखवली. म्हणजे मार्ग आहे. पण त्यासाठी बायोगॅस शुद्ध करून नळाने कारखान्यापर्यंत न्यावा लागतो. आपल्याकडून तूर्तास पऱ्हाटीच्या कांड्या जवळच्या बॉयलरला जाव्यात, तिथे त्या कोळशाची जागा घेतात. काहीच जमलं नाही तरी वावरात पेटवू नका, भाऊ. बोंडअळी आवरायला पऱ्हाटी उपटायची तर आहेच, मग ती कुटी करून मातीत तरी जाऊ द्या.

प्रश्न : आता सगळीकडे सोलर आलं आहे. काचेच्या भट्ट्या विजेवर का चालवत नाहीत?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुसद

चालतात, आणि फार पूर्वीपासून चालतात. थंड काच विजेला अडवते, पण वितळलेल्या काचेतून वीज वाहते. मॉलिब्डेनमचे इलेक्ट्रोड काचेत बुडवले की काच आतूनच तापते, धुराड्यातून उष्णता वाया जात नाही.

अडचण आहे ती वीज कुठून येते याची. तू स्वतः हिशेब कर. चांगल्या विजेच्या भट्टीला एक टन काचेसाठी ८०० ते १००० युनिट लागतात. आपल्या देशातल्या विजेमागे आज सरासरी युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे टनाला ५६० ते ७०० किलो. चांगल्या गॅसच्या भट्टीला टनामागे ५ गिगाज्यूलच्या (गिगाज्यूल हे उष्णतेचं माप) आसपास उष्णता लागते आणि नैसर्गिक वायूतून गिगाज्यूलला ५६ किलो निघतो, म्हणजे सुमारे २८० किलो. २९२० मेगावॉटचं चंद्रपूरचं वीज केंद्र कोळशावरच चालतं. त्या विजेवर भट्टी चालवली तर काचेच्या कारखान्याचं धुराडं स्वच्छ दिसेल आणि दुर्गापूर, ऊर्जानगरच्या लोकांच्या डोक्यावर जास्त धूर जाईल. हे मला मान्य नाही. आधी वीज स्वच्छ व्हावी, मग भट्टी विजेवर जावी.

नुसत्या सोलरवरही भागत नाही, कारण काचेची भट्टी एकदा पेटली की दहा-पंधरा वर्षं विझत नाही. थंड होऊ दिली तर आतली काच गोठते आणि विटा तडकतात. सूर्य तर संध्याकाळी जातो. म्हणून युरोपात काही वीज आणि काही गॅस अशा जोडभट्ट्या बांधू लागले आहेत. जर्मनीत हेर्त्सोगेनराथच्या काच कारखान्यात २०२३ मध्ये गॅसमध्ये ३० टक्क्यांहून जास्त हायड्रोजन मिसळून काच काढली. पण हायड्रोजनही आधी स्वच्छ विजेपासूनच करावा लागतो, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न.

भट्टीचं एवढं आयुष्य असतं, म्हणून आज जी भट्टी बांधली जाते ती २०३५ नंतरही तसाच धूर सोडत राहणार. तू या क्षेत्रात गेलास तर भट्टी नव्याने बांधायची वेळ येते तेव्हा बोल. मधे बोलून काही होत नाही.

आपल्या देशात एक मोठा बदल झालेला मात्र आहे. उत्तर प्रदेशात फिरोजाबादच्या काचेच्या भट्ट्या कोळशावर चालायच्या. ताजमहालाच्या संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ ला त्या टापूत कोळसा बंद करून गॅस आणायला सांगितलं. कारखाने बंद पडतील अशी तेव्हा कामगारांत भीती होती. मग ऊर्जेवर संशोधन करणाऱ्या टेरी या संस्थेने तिथल्या भट्टीला साजेशी गॅसची भट्टी तयार केली, जिच्यात धुराड्याकडे जाणारी उष्णता आत येणारी हवा तापवायला परत वापरतात. एक गिगाज्यूल उष्णतेसाठी कोळशातून ९५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो तर गॅसमधून ५६. आदेश ताजमहालासाठी होता, पण श्वास भट्टीवरच्या माणसाचाही मोकळा झाला. मी त्याच धंद्यातला असल्याने मला हे फार मोलाचं वाटतं.

प्रश्न : माझं कबाडीचं दुकान आहे. लोखंड, पुठ्ठा, प्लास्टिक उचललं जातं, पण काचेला भाव नाही आणि दिली तरी माल परत करतात. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी धुऱ्यावर आणि पांदणीत बाटल्यांचा खच असतो. बैलांचे पाय कापतात. या काचेचं करायचं काय?
— कबाडी व्यावसायिक, हिंगणघाट

भाऊ, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. कार्बन कमी करायचं सगळ्यात मोठं काम तुमच्या दुकानात होऊ शकतं, आणि भाव नसल्यामुळे ते होत नाही याचं मला खरंच दुःख होतं.

फुटक्या काचेला कारखान्यात कलेट म्हणतात. बॅचमध्ये १० टक्के कलेट वाढवलं की इंधन अडीच ते तीन टक्के वाचतं. एक टन कलेट गेलं की १.२ टन वाळू, सोडा आणि दगड वाचला, दगडातून निघणारे २०० किलो वाचले, आणि गॅसच्या भट्टीत इंधनाचे आणखी ७०-८० किलो वाचले. हे कलेट फिरोजाबादच्या कारखान्यांना पाठवायचं तर नागपूरहून ते आठशे किलोमीटरच्या आसपास आहे. भरलेला ट्रक टनामागे किलोमीटरला साधारण ६० ते १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे वाहतुकीत फार तर ८० किलो जातील. तेवढे वजा केले तरी फायदाच आहे.

मग माल परत का येतो? त्यात काय मिसळलं आहे ते बघा. कपबशीचा तुकडा, फरशीचा चुरा, चिनी मातीचा दांडा हे काचेच्या भट्टीत वितळत नाहीत. नखाएवढा तुकडा गेला तरी बाटलीच्या अंगात पांढरा खडा बसतो. तशी बाटली मी हातात घेऊन पाहिली आहे. खड्याभोवती केसासारखी चीर असते, आणि गरम पाणी पडताच बाटली बरोबर तिथूनच फुटते. ओव्हनमध्ये चालणारी काच दिसायला आपल्या काचेसारखीच, पण तिला जास्त उष्णता लागते, तीही तशीच खडे करते. आरसा, ट्यूबलाइट, बल्ब नको. गाडीच्या पुढच्या काचेत मधे प्लास्टिकचा पापुद्रा असतो, ती नको. सोलर पॅनेलच्या काचेत बऱ्याचदा अँटिमनी असते, म्हणून बाटलीवाले ती घेत नाहीत. आपल्याकडे सोलर पंप वाढताहेत, गारपिटीत पॅनेल फुटतात, तेव्हा तो ढीग आतापासूनच वेगळा ठेवा. औषधाची, म्हणजे फवारणीची बाटली तर कशातच घालू नका. ती हाताळणाऱ्याच्या जिवावर बेतते.

रंग वेगळे करा. पांढरी, तपकिरी, हिरवी. पांढऱ्या काचेत हिरवी गेली की कारखाना ती घेत नाही, हिरव्यात थोडी इतर चालते. पत्र्याची आणि ॲल्युमिनियमची झाकणं काढा. ॲल्युमिनियम भट्टीत वाळूशी भिडून सिलिकॉनचे गोळे करतं, आणि तिथे बाटली कमजोर होते.

आणि फोडण्याआधी अख्ख्या बाटल्या बाजूला काढा. धुऊन पुन्हा भरली जाणारी बाटली वितळवण्यापेक्षा केव्हाही चांगली, कारण तिला भट्टीच लागत नाही. बियरची, सोड्याची बाटली वीस-वीस वेळा फिरू शकते. अख्ख्या बाटलीचा गिऱ्हाईक जवळपास मिळतो, फुटकीचा लांब असतो, म्हणून फुटकीचा ट्रक पूर्ण भरल्याशिवाय परवडत नाही. हिंगणघाट, वर्धा, पुलगावच्या दुकानदारांनी मिळून एका जागी ढीग केला तर ट्रक भरेल. ग्रामपंचायतीने कचऱ्याच्या गाडीला काचेचं वेगळं पोतं बांधलं तर पांदणीतली काच तुमच्यापर्यंत येईल. भाव मात्र कारखान्यांनीच वाढवायला हवा. सोडा ॲश आणि गॅस वाचतो त्यातला वाटा काच निवडणाऱ्या बाईला मिळाला पाहिजे. ती दिवसभर हात कापून घेत काम करते. तिला जाड हातमोजे आणि पायात बूट तुम्ही उद्यापासून द्या, त्यासाठी भाव वाढायची वाट पाहू नका.

प्रश्न : लोणच्याला प्लास्टिकपेक्षा काचेची बरणी पर्यावरणाला चांगली का?
— गृहिणी, पुलगाव

ताई, घरात असलेली बरणी वर्षानुवर्षं वापरली तर नक्की चांगली. एकदा वापरून फेकायची असेल तर नाही, कारण काच जड असते आणि तिच्या भट्टीला किती जाळ लागतो ते वर आलंच आहे. नवी बरणी घेण्याआधी घरातल्या जॅमच्या, मधाच्या बाटल्या बघा. धुऊन कडक उन्हात वाळवा. ओल राहिली तर लोणच्याला बुरशी येते. झाकण गंजलं असेल तर तेवढं नवं घ्या, बरणी टाकू नका.